अंगावर काढलेले दुखणे

१

मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. दुखणे आहे हे माहीत असून, इलाज न करता, काम चालू ठेवून दिवस ढकलणे असा त्याचा अर्थ. बोलण्यात तो बहुधा कौतुकाने येतो. ‘बाईने एवढे दुखणे अंगावर काढले, पण कुणाला कळू दिले नाही,’ असे आपण म्हणतो आणि तिच्या सोशिकपणाला मान डोलावतो. या कौतुकाविषयीच मला येथे लिहायचे आहे. कारण स्तनांच्या कॅन्सरच्या बाबतीत ते थेट जिवावर बेतते.

हा लेख वैद्यकीय नव्हे. मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या मावशीच्या आजारपणात जे मला उशिरा कळले, ते आपल्यापैकी कुणाला तरी वेळेवर कळावे, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

मावशी बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार. २०२१ च्या दसऱ्याच्या सुमारास तिच्या डाव्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. मुकादमाची उचल घेऊन झाली होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई मागे राहिली की कोयता मोडतो आणि उचल तशीच अंगावर राहते. तेव्हा मावशी कारखान्यावर गेली. पुढचे सहा महिने तिने पहाटेच्या थंडीत ऊस तोडला, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहिल्या. एप्रिलात परत आली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि वरची कातडी आत ओढली गेली होती. तरीही तिने मला काही सांगितले नाही. मी पुरुष, त्यात घरातला शिकलेला. तिने माझ्या बायकोला सांगितले, तेही चुलीपुढे, आवाज खाली करून: “दुखत न्हाई गं, मग कशाला बोभाटा करायचा?”

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वस्तीतली माणसे सात-बारा, बँकेच्या नोटिसा, पोरांचे दाखले घेऊन माझ्याकडे येतात. ‘मास्तराला समदं ठावं असतं’ असा त्यांचा समज आहे. पण त्या रात्री मला काहीही ठाऊक नव्हते. कुणाकडे जायचे, कोणती तपासणी आधी करायची, पैसे कुठून आणायचे, यातले एकही उत्तर माझ्या एम.ए.च्या पदवीत नव्हते. ज्याचे नाव ऐकले होते अशा शहरातल्या एका खासगी दवाखान्यात मी तिला नेले. तपासण्या झाल्या, सलाइनमधून औषधाचे दोन डोस झाले, आणि १ लाख १० हजार रुपये गेले. माझे पतसंस्थेचे कर्ज आणि मावशीच्या कानांतले सोने त्यात गेले. तिसऱ्या खेपेला त्याच दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या एका बाईने बायकोला विचारले, “रेशनकार्ड कोणतं हाय तुमचं?” केशरी रेशनकार्डावर हाच इलाज शासनाच्या योजनेत फुकट होतो, हे आम्हांला त्या बाईकडून कळले. तोवर काउंटरवरच्या कुणीही ते सांगितले नव्हते. रेशनकार्ड घरी ट्रंकेत होते.

मग आम्ही योजनेतल्या रुग्णालयात गेलो. पुढचे उपचार तेथे झाले. पण मधल्या धावपळीत सात आठवडे वाया गेले, आणि दिलेले पैसे परत मिळाले नाहीत. मावशी २०२४ च्या पावसाळ्यात गेली. गाठ हरभऱ्याएवढी होती तेव्हाच ती दवाखान्यात गेली असती तर नक्की वाचली असती, असे मी म्हणू शकत नाही. वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढली असती, असे मात्र तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच मला सांगितले.

२

आपल्या बायका दुखणे लपवतात ते अडाणीपणामुळे, असे सुशिक्षित माणसे सहज बोलून जातात. मला ते मान्य नाही. मावशीचा हिशेब अडाणी बाईचा नव्हता. उचल किती, हंगाम किती महिन्यांचा, आपण मागे राहिलो तर नवऱ्यावर काय येईल, हे सगळे तिने मोजले होते. त्या हिशेबात फक्त एक आकडा नव्हता. न दुखणारी गाठ सहा महिन्यांत काय करू शकते, हे तिला कुणी सांगितलेलेच नव्हते.

दुसरे कारण दवाखान्याविषयीच्या अविश्वासाचे. तोही निराधार नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. शासनाच्या समितीने ८२,३०९ बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ बायकांची गर्भाशये काढलेली निघाली. ‘कॅन्सर होईल’ ही भीती दाखवून पिशव्या काढल्या गेल्याच्या तक्रारी त्या वेळी अनेक बायकांनी केल्या. ज्या भागात कॅन्सर या शब्दाचा असा वापर झाला, त्या भागातली बाई खऱ्या कॅन्सरच्या वेळी दवाखान्याची पायरी चढायला कचरते, यात नवल काय?

तिसरे कारण लाजेचे. छातीविषयी बोलायला आपल्या घरांत शब्दच नाहीत. पुस्तकातला ‘स्तन’ हा शब्द मावशीने जन्मात उच्चारला नसेल. आणि आरोग्याच्या पुस्तिकांत ‘अर्बुद’, ‘विकिरणोपचार’, ‘लसिकाग्रंथी’ असे जे शब्द असतात, ते तिलाच काय, मलाही कोश उघडून पाहावे लागले. दलित साहित्याने मराठी लेखनाची सोवळी भाषा मोडली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु आरोग्याची भाषा अजून तशीच सोवळ्यात आहे. पूर्वी अक्षर हाताला लागू दिले जात नव्हते. आता अक्षर हातात आले, पण जिवाशी संबंधित अक्षर अजून दूरच आहे. माहिती हीसुद्धा एक मालमत्ता आहे, आणि इतर मालमत्तेप्रमाणेच तिची वाटणी विषम आहे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

ही विषमता आकड्यांतही दिसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनांचा कॅन्सर झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार त्याने दगावल्या. भारतीय बायकांत सर्वांत अधिक आढळणारा कॅन्सर हाच. असे असताना, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांमागे एकीचीसुद्धा या कारणासाठी कधी तपासणी झालेली नव्हती. प्रमाण ०.९ टक्के एवढेच होते.

३

तेव्हा आधी रोगाविषयी जेवढे सांगता येईल तेवढे सरळ सांगतो. कार्यकर्त्यांनी हे बायकांच्या बैठकीत आपापल्या बोलीत सांगावे. शक्यतो बाईनेच सांगावे.

छातीत किंवा काखेत गाठ लागणे, ती बहुधा न दुखणे, हे मुख्य लक्षण. दुखत नाही म्हणून काही नाही, असे समजणे हीच सर्वांत मोठी चूक. कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणे, तिला खळी पडणे, बोंडी आत ओढली जाणे, बोंडीतून रक्त किंवा पाण्यासारखे काही येणे, एका बाजूचा आकार अचानक बदलणे, ही दुसरी लक्षणे. छातीत लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही त्याच दमात सांगावे. नाहीतर बाई घाबरूनच घरी बसते. पण ती गाठ कोणती आहे हे हाताने सांगता येत नाही. ते तपासणीनेच कळते.

हा रोग संसर्गाचा नाही. एका ताटात जेवल्याने तो होत नाही. तो कुणाच्या पापाचे फळ नव्हे, करणी नव्हे. घरात आई-बहिणीला झालेला असेल तर धोका वाढतो, पण ज्यांच्या घरात कुणालाच नव्हता अशाच बायकांना तो बहुसंख्येने होतो. क्वचित पुरुषांनाही होतो. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हा समज आमच्याकडे पक्का आहे आणि तो खोटा आहे. सुईने तुकडा काढून तपासल्यावाचून, म्हणजे बायॉप्सीवाचून, योग्य इलाज ठरवताच येत नाही.

लवकर शोधण्यासाठी मोठे यंत्र लागतेच असे नाही, हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या बायकांनी जगाला दाखवून दिले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली तेथे एक प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन बायकांची छाती हाताने तपासत आणि लक्षणे समजावून सांगत. अशा चार फेऱ्या झाल्या. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या वस्त्यांत रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. या सेविका डॉक्टर नव्हत्या. नीट शिकवले तर वस्तीत येणारी साधी आरोग्यसेविकासुद्धा मरण लांबवू शकते, असा याचा अर्थ आहे.

शासनाच्या कार्यक्रमातही ही तपासणी आता आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकीची तोंडाच्या, गर्भाशयमुखाच्या आणि स्तनांच्या कॅन्सरसाठी प्राथमिक तपासणी व्हावी, असे धोरण २०१६ पासून आहे. आशाताईने घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची आणि उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात तपासणी करायची, अशी त्याची रचना आहे. प्रश्नावली पुष्कळदा कागदावरच भरली जाते. म्हणून आपल्या वस्तीत ती खरोखर होते की नाही, हे विचारणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम.

४

आता वाटेविषयी. आमची जी फरफट झाली, तिचे कारण वाट नव्हती हे नाही. वाट होती, आम्हांला ठाऊक नव्हती.

गाठ लागली की आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, तेथून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी, एवढे झाले की पुढचे चित्र स्पष्ट होते. बायॉप्सीच्या कागदावर तीन नावे शोधावीत: ई.आर., पी.आर. आणि हर-टू. इलाजाची दिशा बरीचशी यांवर ठरते. ई.आर. किंवा पी.आर. असेल तर मुख्य उपचारानंतर निदान पाच वर्षे रोज एक गोळी घ्यावी लागते. त्यांतली टॅमॉक्सिफेनसारखी गोळी फार महाग नाही. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडून देणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांना कुणीतरी सतत आठवण दिली पाहिजे. तपासणीचे कागद, काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यावेत आणि जपून ठेवावेत. दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर हेच प्रथम मागतात. आम्ही ते मागितले नाहीत, आणि सातांपैकी दोन आठवडे त्यातच गेले.

‘कॅन्सर म्हणजे टाटा’ असे आपल्याकडे समीकरण आहे. परळचे टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्याचे काम मोठेच आहे. पण प्रत्येकीला मुंबईच गाठावी लागते असे नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. उपचार महिनोन् महिने चालतात. रेडिएशनला तर आठवड्याचे पाच दिवस, काही आठवडे सलग जावे लागते. जवळचे ठिकाण असेल तर बाई उपचार अर्धवट सोडत नाही.

पैशाचे पाहू. महाराष्ट्र शासनाची योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. पूर्वी ती पिवळ्या-केशरी कार्डांपुरती आणि दीड लाखापर्यंत होती. २०२३ साली शासनाने निर्णय केला, आणि आता केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार तीत मिळतात. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन हे तीत येतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो. आत गेल्यावर पहिल्यांदा त्याला गाठावे. रेशनकार्ड आणि ओळखपत्र जवळ असावे, आणि दोन्हींवरची नावे जुळतात का, हे घरीच पाहून घ्यावे. बाईचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, या एवढ्याशा गोष्टीने कित्येकींचे अर्ज अडतात. मुख्य म्हणजे, या योजनेत मंजुरी आधी, उपचार नंतर. खिशातून दिलेले पैसे मागाहून मिळत नाहीत. चौकशीसाठी १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हे दूरध्वनी विनामूल्य आहेत.

योजनेत न बसणारा खर्च उरतोच. त्यासाठी दुसरा एक हक्क आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. शहरातल्या संगमरवरी दवाखान्यांपैकी कित्येक कागदोपत्री धर्मादायच असतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटावे. ‘खाट नाही’ असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करावी. ही भीक नव्हे. करात सवलती घेणाऱ्या संस्थांनी समाजाला द्यायचे हे देणे आहे. याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधीतून वैद्यकीय मदत मिळते. तिचा अर्ज रुग्णालयाच्या अंदाजपत्रकासह करावा लागतो.

प्रवासाला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गाचे तिकीट माफ आहे, आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्याचा छापील नमुना रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. एस.टी.त २०२३ पासून सर्वच बायकांना अर्धे तिकीट आहे. मुंबईत राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळला येणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे अल्प दरात राहतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवणारे हेच गाडगेबाबा. त्यांच्या नावाच्या दारात आपल्या माणसाने संकोच करण्याचे कारण नाही.

५

कागद, पैसा, खाट मिळाली तरी एक गोष्ट उरते. बाई एकटी असते. मावशीची छाती काढल्यावर तिला भेटायला आलेल्या प्रत्येकाने विचारले, ‘आता कसं वाटतंय?’ खरे काय वाटते हे ऐकायला कुणी थांबले नाही. केस गेले, एक हात सुजला, नवरा अंथरूण वेगळे घालू लागला, हे ती कुणाशी बोलणार? येथे डॉक्टर पुरा पडत नाही, पुतण्या-भाचाही नाही. त्याच वाटेने गेलेली दुसरी बाईच लागते.

दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीवरून घेतले, आणि आपण त्यांचे साहित्य आस्थेने वाचत आलो. त्याच समाजातल्या ऑड्री लॉर्ड या कवयित्रीची १९७८ साली कॅन्सरमुळे छाती काढावी लागली. १९८० साली तिने ‘द कॅन्सर जर्नल्स’ हे पुस्तक लिहिले. इस्पितळात तिला धीर द्यायला एका मदतसंस्थेची बाई आली. तिने आणलेला, छातीच्या जागी ठेवायचा लोकरीचा गोळा फिकट गुलाबी होता, म्हणजे गोऱ्या कातडीच्या रंगाचा. पुढे खोटी छाती न लावता ती डॉक्टरकडे गेली, तेव्हा तिथल्या परिचारिकेने तिला सांगितले की असे आल्याने इतरांचे मनोधैर्य खचते. लॉर्डने ते मानले नाही. आपण हे झाकले तर हा रोग झालेल्या बायका एकमेकींना ओळखणार कशा, असा तिचा सवाल होता. त्यानंतर ती चौदा वर्षे जगली आणि लिहीत राहिली. मी हे पुस्तक मावशीच्या आजारपणाच्या आधीच वाचले होते, वर्गात त्याविषयी बोललोही होतो. पण त्या पुस्तकाचा माझ्या घरातल्या बाईशी काही संबंध आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. हा दोष पुस्तकाचा नाही.

लॉर्डच्याच न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी पाहिले की त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या फार उशिरा येतात. १९६४ ते १९८६ या काळात तेथे स्तनांच्या कॅन्सरनंतर पाच वर्षे जगणाऱ्या बायकांचे प्रमाण ३९ टक्के होते. त्यांनी विनामूल्य तपासणी सुरू केली, आणि १९९० साली ‘वाटाडे’ नेमले. कागद भरणे, तारखा सांभाळणे, सोबत जाणे, घाबरलेल्या बाईशी बोलणे, हे या वाटाड्यांचे काम. १९९५ ते २००० या काळात तेच प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. औषधे सगळीकडेच सुधारली होती, हे धरूनही हा फरक लहान नाही. गरीब बाईला औषधाइतकाच वाटाड्या लागतो, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडेही टाटा मेमोरियल आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून अशा वाटाड्यांचा अभ्यासक्रम अलीकडे सुरू केला आहे. त्याचे नाव ‘केवट’, म्हणजे नावाडी. पुराणातल्या केवटाने राजपुत्राला नदीपार नेले. हा केवट गरिबाला नेणार असेल, तर नावाविषयी माझी तक्रार नाही. आपल्या मुला-मुलींनी या कामात गेले पाहिजे.

मुंबईत या कामाच्या काही जुन्या संस्थाही आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ सालची. तिचा विनामूल्य दूरध्वनी १८०० २२ १९५१, म्हणजे शेवटचे चार आकडे स्थापनेचेच. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून आहे. व्ही केअर ही संस्था १९९४ साली स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या एका बाईने सुरू केली. टाटामध्ये तिचे स्वयंसेवक रुग्णांशी बोलतात. जासकॅप ही संस्था कॅन्सरच्या निरनिराळ्या प्रकारांवरच्या पुस्तिका भारतीय भाषांतून काढते. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन विशेषतः स्तनांच्या कॅन्सरसाठी काम करते. परंतु बहुतेक सगळे मुंबई-पुण्यात आहे. आष्टीच्या किंवा किनवटच्या बाईपर्यंत ते आपोआप पोचणार नाही. तिच्यापर्यंत पोचणारी संस्था एकच, आणि ती म्हणजे वस्तीतले आपण.

६

यात आपल्याला करता येण्यासारखे काय आहे? मला चार गोष्टी सुचतात. त्यांतल्या एकीलाही मोठा निधी लागत नाही.

एक, बुद्धविहारात वर्षातून दोनदा फक्त बायकांची बैठक घ्यावी आणि आशाताईंना व आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांना बोलवावे. ऊसतोडीच्या गावांत ती दसऱ्याच्या आधी घ्यावी, म्हणजे गाठ घेऊन कुणी कारखान्यावर जाणार नाही. दोन, प्रत्येक वस्तीत एक वही असावी. जवळचे योजनेतले रुग्णालय, आरोग्यमित्राला भेटण्याची वेळ, लागणारे कागद आणि वर दिलेले दूरध्वनी तीत लिहून ठेवावेत. तीन, महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलींनी, बायकांना समजेल अशा बोलीत, एका पानाचे पत्रक तयार करावे. आमच्या विद्यार्थिनींनी ते केले. ‘लसिकाग्रंथी’च्या जागी त्यांनी ‘काखंतली गाठ’ लिहिले आणि माझी शुद्धलेखनाची दुरुस्ती नाकारली. बरोबर केले. चार, उचल. आजारी बाई मागे राहिली म्हणून कोयता मोडल्याचा दंड मुकादमाने घेऊ नये, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी करारात घातली पाहिजे. ही मागणी पुढे गेली नाही, तर वरच्या तिन्ही गोष्टी अपुऱ्या आहेत. उचल अंगावर असेल तोवर दुखणेही अंगावरच निघणार.

हे काम ‘चळवळीचे’ नव्हे, असे कुणी म्हणेल. त्यांनी एवढेच आठवावे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी पोराला पाठीवर घेतले आणि यशवंताच्या दवाखान्यापर्यंत पोचवले. त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोगी आणि दवाखाना यांच्यामधले अंतर कुणीतरी चालून जावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याला तर फक्त सोबत जायचे आहे.

मावशी शेवटच्या वर्षात बरीच मोकळी झाली होती. दुपारी गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्या की पोरींना ती जवळ बोलवायची, पदर बाजूला करून सपाट झालेली जागा दाखवायची आणि म्हणायची, “हितं हरभऱ्यावानी लागली हुती. तवाच जायला पायजे हुतं. तुम्ही नगा थांबू.” मी घरात आलो की ती पदर सावरून घ्यायची आणि गप्प व्हायची. तिचा शब्द तिथल्या तिथे, आठ-दहा जणींपुरता राहत होता. तो पुढे न्यायचा म्हणून हा लेख लिहिला.

गेल्या दिवाळीआधी त्याच ओट्यावर बसणारी एक चाळिशीतली बाई माझ्या बायकोकडे आली. तिला गाठ लागली होती. तपासली, साधी निघाली. ती यंदा कोयत्याला गेली आहे. जाण्याआधी तिने वहीतला नंबर आपल्या पोरीच्या वहीत उतरवून घेतला.